दुसऱ्या खोलीतला फोन

घरात तिला सगळे ताई म्हणत, कारण ती थोरली. ऑफिसात तिचं नाव तक्रारताई पडलं होतं, कारण कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात ती इतकी वर्षं बसली होती की तिथली खुर्ची तिच्या पाठीच्या आकाराची झाली होती. गिऱ्हाइकाचा हरवलेला, फुटलेला, भिजलेला किंवा भलत्याच्याच घरी पोचलेला जो काय माल असेल, त्याबद्दलच्या शिव्या सगळ्यात आधी तिच्या कानात पडत. ती त्या ऐकून घ्यायची. मध्येच "बरं, मग?" म्हणायची. माणूस ओरडून ओरडून दमला की मग शांतपणे पावतीचा नंबर विचारायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच साहेबांनी तिला परवा केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की नव्या शाखेची प्रमुख म्हणून तुम्हाला नेमायचंय, सोमवारी हो की नाही ते सांगा.

कुणीही उडी मारून हो म्हणालं असतं. ताई नुसतीच बरं म्हणून बाहेर आली. कारण सोमवारच्या आधी शनिवार होता, आणि शनिवारी तिची एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत निवड परीक्षा होती. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हा शेवटचा प्रयत्न. जमलं तर जमलं. नाही जमलं तर सोमवारी मुकाट्याने शाखाप्रमुख व्हायचं, आणि मग हे वेड कायमचं सोडायचं. शाखाप्रमुखाच्या खुर्चीतून माणूस निवृत्त होऊनच उठतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आता हे वेड डोक्यात शिरलं कसं, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्या संस्थेची ब्लँकेटांची एक गाडी वाटेत गायब झाली. तक्रारीचा फोन आला. ताईने सवयीने कान कडक करून घेतले. पण पलीकडचा माणूस ओरडलाच नाही. म्हणाला, "बाई, गाडी आज सापडली नाही तर तिकडे लोक अजून एक रात्र उघड्यावर काढतील. बघाल ना तुम्ही?" बस, एवढंच. ताईने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. आकाशपाताळ एक करून गाडी शोधली. ड्रायव्हर भलत्याच फाटकासमोर गाडी लावून गाढ झोपला होता! संध्याकाळी त्या माणसाचा पुन्हा फोन आला, की माल मिळाला, लोक ब्लँकेटं पांघरून बसलेत. तक्रार विभागाला असं सांगायला आजवर कुणी म्हणून कुणी फोन केला नव्हता. ताई उठून बाथरूममध्ये गेली आणि ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवसापासून लोकांचे चहाचे सेट आणि मोबाइलची कव्हरं शोधताना तिचं मन लागेना.

मग सुरू झाले अर्ज. बाप रे, ते अर्ज! सगळीकडे एकच अट, प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. अनुभव कुठून आणायचा? काम करून. काम कोणाला देणार? अनुभव असलेल्याला. माणसाने करायचं काय, वाण्याच्या दुकानातून अनुभव पुडीत बांधून आणायचा? शिवाय प्रत्येक अर्जात प्रश्न असायचे. "तुम्ही दबावाखाली शांत राहिलात असा एखादा प्रसंग सांगा." ताईने पहिल्या अर्जात एका शब्दात उत्तर लिहिलं, "रोज." धाकट्या भावाने ते वाचून कपाळाला हात लावला.

"अगं ताई, असं लिहितात का? जरा फुगवून लिहायचं असतं."

"जे आहे ते लिहिलं."

"या क्षेत्रातले लोक म्हणतात, ओळखी वाढवा. नुसत्या अर्जांनी काही होत नाही."

"माझ्या ओळखीचे सगळे माझ्यावर ओरडणारेच आहेत. त्यांना सांगू का?"

उत्तरं मात्र सगळीकडून यायची, आणि सगळी सारखी. आपल्या अर्जाबद्दल मनःपूर्वक आभार, अर्ज फार मोठ्या संख्येने आले होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आई ती मोठ्याने वाचून दाखवायला लावायची. "आभार तरी मानतात बिचारे," ती म्हणायची. "तुझे साहेब मानतात का कधी?" आई हे थट्टेने म्हणायची की समजूत घालायला, ते ताईला कधी कळलं नाही. ती पुढचा अर्ज लिहायला बसायची.

आणि मग एकदाचं बोलावणं आलं. कायमची नोकरी नव्हती ती. कुठे मोठं संकट आलं की चोवीस तासांत हजर होणाऱ्या पथकात तीन जागा होत्या. पण एकदा पथकात नाव लागलं की पुढचे दरवाजे उघडतात, असं सगळे सांगत होते. शनिवारी सकाळी ताई इस्त्रीचे कपडे घालून निघाली तेव्हा आई दारात उभी होती. "पास हो बाई एकदाची," ती म्हणाली. "माझेच कान दुखायला लागले ते आभार ऐकून."

परीक्षा विमानतळाच्या मागच्या बाजूला, संस्थेच्या गोदामात होती. बाहेरून ते साधंच दिसत होतं, करड्या पत्र्याचं, लांबच लांब. ताईने गोदामं काय कमी पाहिली होती? पण परीक्षक बाईंनी सगळ्या उमेदवारांना आत नेलं आणि तिची पावलं दारातच थांबली.

छपरापर्यंत माल रचलेला होता. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी मालच. तंबू, ताडपत्र्या, ब्लँकेटं, पाण्याच्या घडीच्या टाक्या, कंदील, घमेली, दोर. एका अख्ख्या रांगेवर नुसत्या पांढऱ्या पेट्या होत्या, आणि परीक्षक बाईंनी सहज हात करून सांगितलं, की हा एक दवाखाना आहे. खाटांपासून ते टाके घालायच्या सुईपर्यंत सगळं. पेट्या उघडल्या की दिवसभरात उभा राहतो.

कुरिअरमध्ये प्रत्येक डब्यावर पत्ता असतो. बिनपत्त्याचा डबा म्हणजे ताईच्या दृष्टीने डोकेदुखी. इथे एकाही पेटीवर पत्ता नव्हता. तिला राहवलं नाही. तिने विचारलं, "हे सगळं कुणाचं आहे?"

"अजून ठरायचंय," परीक्षक बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांना हे मिळणार आहे, ते आत्ता आपापल्या घरी असतील. भांडी घासत असतील, पोरांवर ओरडत असतील. आपल्याला याची गरज पडणार आहे हे त्यांना माहीत नाही. आम्हालाही नाही."

ताईने रचलेल्या तंबूंकडे पुन्हा पाहिलं. कुठेतरी एक बाई आत्ता तिच्या स्वयंपाकघरात उभी आहे, आणि तिचा तंबू इथे आधीच घडी घालून ठेवलेला आहे. ताई त्या रांगांमधून चालत राहिली आणि चालता चालता तिच्या नकळत तिने चपलांचा आवाज कमी केला. इतर उमेदवार मागे कुजबुजत होते. कुणी दोन पदव्या घेतलेला, कुणी तीन देशांत जाऊन स्वयंसेवक म्हणून राबून आलेला. त्यांना हे नवीन नसावं. ताईला मात्र वाटलं, इथे झाडू मारायचं काम दिलं तरी आपण करू.

गोदामाच्या दुसऱ्या टोकाला धावपळ चालली होती. माल उचलणाऱ्या गाड्या सुसाट इकडून तिकडे जात होत्या, माणसं ओरडत होती. "तिकडे लक्ष देऊ नका," परीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना परीक्षेबद्दल सांगितलं. लेखी परीक्षा सकाळी. दुपारी फोनची. प्रत्येकाला वरच्या मजल्यावर एकेक खोली मिळेल. खोलीत फोन असेल. फोनवर संकटात सापडलेलं माणूस असल्याचं नाटक करणारा नट किंवा नटी बोलेल. त्यांचं ऐकायचं, नेमकं विचारायचं, काय पाठवायचं ते ठरवून लिहायचं. "आमचे नट फार पट्टीचे आहेत," त्या हसल्या. "मागच्या खेपेला एका उमेदवाराला रडू आलं. तेव्हा वाहवत जाऊ नका. नाटक आहे हे लक्षात असू द्या."

लेखी परीक्षा बरी गेली. दुपारी ताईला सांगितलं, वरच्या मजल्यावर उजवीकडची दुसरी खोली. ती आधी तोंडावर पाणी मारायला गेली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. येताना ती दुसऱ्याच जिन्याने वर चढली. त्यामुळे कॉरिडॉरच्या उलट्या टोकाला निघाली, आणि तिची उजवी बाजू म्हणजे परीक्षक बाईंची डावी झाली. तिला त्याचा पत्ताही नव्हता. दुसरं दार आलं, उघडंच होतं, ती आत शिरली.

भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्या. फळ्यावर घाईघाईने लिहिलेलं, "पहिली फेरी: हेलिकॉप्टर लहान, माल थोडा." टेबलावर कागद, पेन्सिल, फोन. आणि टेबलाशी एक दणकट मिशीवाला माणूस, एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हाताने कोट चढवतोय. ताईला बघताच तो म्हणाला, "आलात? देवासारख्या आलात. बसा इथे. फोन वाजला की घ्या. त्या नर्सबाई काय सांगतील ते सगळं लिहा, पण पहिल्या फेरीत जेवढं मावेल तेवढंच कबूल करा. मी खाली माल भरून घेतो." आणि ताईने तोंड उघडायच्या आत तो जिन्यावरून धडाधड खाली गेलाही.

वा, ताईने मनात म्हटलं, याला म्हणतात अभिनय! घामसुद्धा खरा.

ती बसली. पेन्सिल नीट लावून ठेवली. फोन वाजला.

"हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?" बाईचा आवाज, घसा बसलेला. मागे गोंगाट. एकेक वाक्य पोचायला मध्ये क्षणभर जात होता.

"येतंय. बोला," ताई म्हणाली.

"मी दवाखान्यातून नर्स बोलतेय. डॉक्टर पलीकडच्या काठावर अडकलेत. नदीने रस्ता बदललाय, खालचा मजला सगळा पाण्यात आहे. आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, पेशंट, त्यांचे नातेवाईक, आजूबाजूच्या घरांतले लोक, सगळे. मी कालपासून फोन करतेय, कुणी नीट बोलत नाही. तुम्ही लोक करता तरी काय तिथे बसून? इथे माणसं मरायची वाट बघताय का?"

ताईला घरी आल्यासारखं वाटलं. ही भाषा तिच्या ओळखीची होती.

"बरं, मग?" ती म्हणाली.

नर्सबाईंनी मग तोंडाचा पट्टा सोडला. सरकारला, रस्त्याला, नदीला, संस्थेला, कुणालाही सोडलं नाही. ताई ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने समजूत घातली नाही. बाई दमल्या, दम घ्यायला थांबल्या, तशी ताईने हळूच विचारलं, "तुम्ही बसल्या आहात का उभ्या?"

"काय?"

"बसा आधी."

"बसायला कोरडी जागा नाही हो इथे!"

"टेबल असेल ना एखादं? टेबलावर बसा. दवाखान्यात आज तुम्हाला कोण रागावणार आहे?"

पलीकडून हुंदका आला की हसू, कळलं नाही. पण खडखड झाली आणि बाई बसल्याचं ऐकू आलं. ताईला आपलं कौतुक वाटलं. चला, परीक्षेत बरे गुण मिळणार.

मग तिने एकेक विचारलं. पाणी कोणतं पिताय? मुलं किती लहान आहेत? अंगावर कोरडं काही आहे का? बाई भराभर सांगत होत्या, ताई भराभर लिहीत होती. बाईंना सगळंच हवं होतं, आणि हवं असणारच. ताई म्हणाली, "हे बघा, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पहिल्या फेरीत थोडंच येईल. सगळ्यात आधी कशाची गरज आहे ते तुम्हीच सांगा. बाकीचं मी लिहून ठेवलंय, पण त्याचं वचन आत्ता देत नाही."



"पाणी शुद्ध करायच्या गोळ्या," बाई म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता, कामाचा. "सलाइन. ताडपत्री. आणि बाळंतपणाचं सामान. ते आधी. माझ्याकडे आता एकही निर्जंतुक... थांबा. थांबा जरा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं धावली. बायकांचा कालवा झाला. कुणीतरी कळवळून ओरडलं, कुणीतरी "आता, आता" म्हणत होतं. ताई वाट बघत बसली. आणि मग त्या सगळ्या गदारोळातून एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज उठला. तान्ह्या बाळाचं रडणं. आधी एकदाच, अडखळत, आणि मग घसा मोकळा करून.

ताई खुदकन हसली. काय तयारी आहे या लोकांची! बाई फोनवर परत आल्या तशी ती म्हणाली, "बाळाचा आवाज फार खरा आणलात हं. अगदी मानलं तुम्हाला."



"काय म्हणालात?"

"काम छान करताय म्हटलं."

"आत्ता झालं ते," बाई म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या. "माझ्या मागे. मुलगी आहे. नाळ कापायला धड काही नाहीये माझ्याकडे, पातं उकळत ठेवलंय. सामान पाठवताय ना?"

"पाठवतेय. मी पुन्हा वाचून दाखवते, चुकलं तर सांगा." आणि ताईने सगळं सावकाश वाचून दाखवलं, तक्रार विभागात दाखवायची तसं. बाळंतपणाचं सामान तिने यादीत सगळ्यात वर नेलं. बाई हो हो म्हणत गेल्या. फोन ठेवला.

मिशीवाला वर आला, कागद तिच्या हातातून ओढून घेतला, वाचला आणि तसाच वॉकीटॉकीवर ओरडत सुटला. खिडकीतून खाली दिसत होतं, माल उचलणारी गाडी वळली, पांढऱ्या पेट्या खाली आल्या, माणसं धावली, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत हेलिकॉप्टरची पाती फिरायला लागली. ताई कौतुकाने बघत राहिली. मग मात्र तिला वाटलं, एका परीक्षेसाठी जरा फारच खर्च करताहेत हे लोक.

तेवढ्यात दारात परीक्षक बाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"तुम्ही इथे आहात? आम्ही सगळीकडे शोधतोय! तुमच्या खोलीतला फोन वाजून वाजून बंद झाला. वेळ संपली तुमची."

"पण मी तर घेतला फोन," ताई म्हणाली. "या साहेबांनी सांगितलं..."

"यांचं काय? ऑफिसातून माझ्या मदतीला आल्यात ना या?" मिशीवाल्याने विचारलं.

"छे हो! उमेदवार आहेत या, माझ्या."

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.  तरीही, बघा माणसाचं मन कसं असतं, ते अजून शेवटच्या काडीला धरून होतं. तिने विचारलं, "मग त्या नर्सबाई कुठल्या खोलीत बसल्यात?"

"खोली कसली?" मिशीवाला म्हणाला. "त्यांच्या दवाखान्यात नदी शिरलीय, बाई."

ताई खुर्चीत मटकन बसली.  आत्ता या क्षणी, नकाशावरच्या त्या टाचणीपाशी, एका टेबलावर ती बाई खरोखर बसली होती. खरं पाणी होतं. आणि ते रडणं! कुणाच्या तरी पोटची पोर जगात आली होती, तिने आयुष्यातला पहिला आवाज काढला होता, डोंगर नद्या ओलांडून तो थेट ताईच्या कानात आला होता, आणि ताईने त्याला शाबासकी दिली होती. आपल्या कानात काय येऊन गेलं, या विचाराने तिला भोवळ यायची पाळी आली. तिने हात उचलून कानाला लावला. कान गरम लागत होता.

परीक्षक बाईंनी कागद वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. त्यांचा राग उतरला, पण आवाज करडाच राहिला. "काम चांगलं केलंत. पण मला तुम्हाला गुण देता येणार नाहीत. बाकीच्यांनी जी परीक्षा दिली ती तुम्ही दिलीच नाही. त्यांच्यावर अन्याय होईल. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. आणि तिला खरंच ते बरोबर वाटलं. गेलं, सगळं गेलं. दोन वर्षांचे अर्ज, ते आभार, सगळ्यावर पाणी पडलं. पण गंमत म्हणजे त्या क्षणी तिला त्याचं दुःख करायलाही सवड नव्हती. तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, फार खरा आणलात हं. तिने पर्स उचलली, आणि फोन वाजला.

मिशीवाल्याने तिच्याकडे बघितलं. ताईने दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही. मला नाही जमायचं. तुम्ही घ्या."

त्याने घेतला. ऐकलं. हं, हं केलं. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "तुम्हालाच मागताहेत. माझ्याशी बोलायला तयार नाहीत."

 ताईने फोन कानाला लावला.

"हॅलो, मघाच्याच बाई ना?" नर्सबाई म्हणाल्या. "ऐका, गच्चीवर पांढऱ्या चादरी अंथरल्यात. उतरायची खूण म्हणून. पायलटला सांगा. आणि पोरगी बरी आहे. आईही बरी आहे."

 तिने फळ्याकडे बोट दाखवून मिशीवाल्याला गच्ची, चादरी असं कसंबसं सांगितलं. तो वॉकीटॉकीवर बोलायला लागला. ताई फोन घट्ट धरून होती.

"बाई," ती म्हणाली, "मला माफ करा. मला वाटलं हे सगळं नाटक आहे. मी इथे नोकरीच्या परीक्षेला आलेली बाई आहे. मला वाटलं तुम्ही शेजारच्या खोलीतून बोलताय. म्हणून मी तसं म्हणाले, बाळाबद्दल. आणि म्हणूनच मी इतकी शांत होते हो. मला खरं माहीत असतं तर माझी बोबडी वळली असती. मला यातलं काही येत नाही."

तो मधला क्षण गेला.  ताईला मागचा गोंगाट ऐकू येत होता, पाण्याचाही असेल त्यात, आता तिला तो वेगळा काढता येत होता. आता ही बाई मला शिव्या देणार, तिला वाटलं, आणि द्याव्यातच.

"नोकरी मिळाली का?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग उद्या हा फोन कोण घेणार?"

ताईने मिशीवाल्याकडे पाहिलं. त्याला पलीकडचं ऐकू आलं असावं. तो वॉकीटॉकी खाली करून म्हणाला, "माणूस नाहीये माझ्याकडे. रोजंदारीवर देतो, पाणी उतरेपर्यंत. पथक नाही, पद नाही, पुढचं काही कबूल करत नाही. उद्या रविवार असला तरी उद्यापासूनच, रोज सकाळी सात." परीक्षक बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही.

सोमवारी ताई साहेबांच्या केबिनमध्ये उभी असायला हवी होती. ते तिला त्या घटकेला स्वच्छ दिसलं, केबिन, साहेब, नव्या शाखेची किल्ली. एकदा नाही म्हटलं की साहेब दुसऱ्यांदा विचारणारे नव्हते. आणि इथे काय, पाणी उतरलं की घरी जायचं.

"मला भीती वाटते," ती फोनमध्ये म्हणाली.  "मघाशी नाटक समजून बोलले म्हणून जमलं. आता नाही जमणार."

"मग उद्याही नाटकच समजा," नर्सबाई म्हणाल्या. "इकडचं खरं काय ते मी बघते. पण फोन तुम्हीच घ्या."

ताईने पर्स खाली ठेवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. पेन्सिल उचलून तिने कोरा कागद पुढे घेतला.

"घेते," ती म्हणाली. "सांगा."